रजेचा अर्ज

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही दोघं मुलीकडे न्यू जर्सीला होतो. एका रात्री जेवणं आटोपल्यावर मुलगी आणि जावई नातीच्या शाळेला पाठवायच्या पत्राचा मसुदा करत बसले. फ्लोरिडाहून सुटणाऱ्या, सात रात्रींच्या कॅरिबियन क्रूझची तिकिटं त्यांनी ऑक्टोबरमध्येच काढून ठेवली होती. मार्टिन ल्यूथर किंग जयंतीची सोमवारची सुट्टी धरली, तरी शाळेचे चार दिवस बुडणार होते. तिथल्या शाळेच्या नियमांत आजारपण, धार्मिक सण, घरातला मृत्यू ही कारणं बसतात. ‘आईवडिलांनी बोटीवर नेलं’ हे बसत नाही.

‘‘ताप आला म्हणून कळवून टाकू. सगळेच तसं करतात,’’ जावई म्हणाला.

आठ वर्षांची नात टेबलाच्या दुसऱ्या टोकाला चित्र रंगवत होती. मान वर न करता ती म्हणाली, ‘‘पण मला ताप नाहीये.’’

पुढे काही बोलायचं राहिलंच नाही. मुलीने खरं कारण लिहिलं. शाळेचं सभ्य उत्तर आलं, की चार दिवस विनापरवाना गैरहजेरी म्हणून नोंदले जातील. त्यापलीकडे काही होणार नव्हतं. त्या रात्री मला मात्र बराच वेळ झोप लागली नाही. रजेसाठी आजारपणाची थाप मारणं आमच्या घराण्याला नवं नव्हतं. माझे वडील गिरणी कामगार होते.

*

ही सफर जानेवारीतच का, तेही सांगायला हवं. न्यूयॉर्कच्या आसपास त्या दिवसांत साडेचार-पाचलाच सूर्य मावळतो. मुलं अंधुक उजेडात शाळेला जातात आणि परतल्यावर घरात कोंडली जातात. खाली मान घालून ऊन चुकवत चालणाऱ्या आपल्या लोकांना हे सांगून पटत नाही. पण तिथे ऊन विकत घ्यावं लागतं. उन्हाळ्यात अलास्का आणि भूमध्य समुद्रात फिरणारी मोठी जहाजं पाखरांसारखी हिवाळ्यात कॅरिबियन समुद्रात उतरतात. नाताळच्या आठवड्यात त्यांचे भाव आभाळाला भिडतात. शाळा सुरू झाल्या की कोसळतात. आमच्या तिकिटांना नाताळच्या जवळजवळ निम्मेच पैसे पडले होते. स्वस्ताई होती ती एवढ्याचसाठी, की बाकीच्यांची मुलं त्या आठवड्यात वर्गात बसलेली होती. जो आपल्या मुलाला वर्गातून उठवू शकतो, त्याला समुद्र स्वस्त मिळतो.

बरोबर आहे की चूक, असा सरळ प्रश्न कुणी मला विचारला असता, तर मी काय म्हणालो असतो? चार दिवसांनी एखाद्या हुशार मुलीचं काही बिघडत नाही. समुद्र, उडते मासे, क्षितिजावर उठणारे ढग हेही शिक्षणच. आणि आईवडिलांबरोबरचे सलग सात दिवस त्या मुलांना एरवी मिळतात कुठे? दोघंही नोकरी करणारी. हे सगळं मला मान्य होतं. शाळेचा मुद्दा मला तेव्हा फार मोठा वाटला नाही आणि आजही वाटत नाही. अडलो मी वेगळ्याच ठिकाणी. ते ठिकाण जहाजावर गेल्यावर दिसलं.

*

आमचं गाव देवगड तालुक्यातलं. वडील परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १९४८च्या कारखाना कायद्यानुसार वर्षात २४० दिवस भरले, की पुढच्या वर्षी २० दिवसांमागे एक दिवस, म्हणजे बारा दिवस भरपगारी रजा कामगाराचा हक्क ठरत असे. ती कधी घ्यायची, हे मात्र खात्यातल्या मुकादमाच्या मर्जीवर असे. म्हणून मुंबईच्या चाकरमान्यांनी एक तोडगा काढला होता. गावाहून तार मागवायची : आई आजारी, ताबडतोब निघा. आमच्या गावात ती तार मास्तर लिहून द्यायचे आणि कुणीतरी तालुक्याला जाऊन करून यायचं. माझी आजी अशी कागदोपत्री कितीदा तरी अंथरुणाला खिळली. वडील शिमग्याला नाहीतर मे महिन्यात आगबोटीने येत. बोट खोल पाण्यात उभी राहायची, माणसं होडीत उतरायची, आणि आम्ही पोरं किनाऱ्यावर उभी राहून कुठल्या होडीत आपला बाप आहे ते ओळखायची पैज लावायचो. मी पुष्कळदा हरलो. वर्षातून पंधरा-वीस दिवस पाहिलेला चेहरा लांबून ओळखता येत नाही.

मी नऊ वर्षांचा असताना श्रावणात आजी खरोखरच अत्यवस्थ झाली. तार गेली. मुकादम हसला आणि म्हणाला, ‘‘तुझी म्हातारी वर्षातून किती वेळा मरते रे?’’ रजा मिळायला दोन दिवस गेले. पावसाळ्यात आगबोट बंद, म्हणून कोल्हापूरवरून एस.टी.ने आले. पोचले तेव्हा आजीला जाऊन तीन दिवस झाले होते. वडील पडवीत बसले, आणि आईने दिलेल्या पाण्याच्या तांब्याकडे बघत म्हणाले, ‘‘खोटं बोललो त्याची शिक्षा झाली.’’

मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. शिक्षा खोट्याची नव्हती. आईला भेटायला जायचं आहे, एवढं खरं कारण पुरेसं नव्हतं, म्हणून ते खोटं बोलले होते. नात जेव्हा म्हणाली ‘मला ताप नाहीये’, तेव्हा मला तिचा अभिमान वाटला, आणि त्याच वेळी हेही कळलं की खरं बोलणं तिला परवडतं.

*

जहाजावर मजा आली. हे आधीच सांगून टाकतो, कारण अशा लेखांत सुखाविषयी नाक मुरडण्याची रीत आहे आणि ती अप्रामाणिक असते. दुसऱ्या दिवशी सकाळी डेकवर गेलो, तर अंगावर ऊन पडलं. अगदी आमच्या गावच्या माघातलं ऊन. पाच वर्षांचा नातू स्वेटरशिवाय पळत सुटला. त्याला असं मोकळ्या अंगाने पळताना मी तीन महिन्यांत पाहिलं नव्हतं. ही दिवसभर खुर्चीत बसून समुद्र बघायची. मुलगी आणि जावई एकमेकांशी हळू आवाजात बोलत होते. घरी ते फक्त वेळापत्रकं जुळवताना बोलत. एखादं कुटुंब आठ दिवसांत कसं सैल होत जातं, ते मी डोळ्यांनी पाहिलं. ह्याला मी पाप म्हणणार नाही.

नसाऊच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा नातीने जहाजाच्या मागच्या बाजूला रंगवलेलं नाव वाचलं. जहाजाच्या नावाखाली ‘नसाऊ’ असं लिहिलं होतं. ‘‘म्हणजे हे जहाज इथलं आहे?’’ तिने विचारलं. मी म्हटलं, कागदावर इथलं आहे. मालक दुसरीकडचे, प्रवासी तिसरीकडचे, काम करणारे पन्नास-साठ देशांचे, आणि झेंडा बहामाचा. ज्या देशाचा झेंडा, त्या देशाचा कायदा जहाजावर लागू होतो. कर आणि मजुरी स्वस्त पडेल असा झेंडा निवडण्याची ही रीत जुनी आहे. तिला एवढं पुरे झालं. ती शंख विकत घ्यायला पळाली.

आमच्या दोन खोल्या आवरणारा माणूस गोव्याचा होता, सासष्टीचा. त्याने छातीवरचा माझ्या नजरेतला नावाचा बिल्ला पाहिला आणि मी काही विचारायच्या आत म्हणाला, ‘‘तुमी खंयचे?’’ मी मालवणीत उत्तर दिलं. त्याची कोंकणी आणि माझी मालवणी सगळीकडे जुळत नव्हती, पण ज्या जहाजावर दिवसभर इंग्रजी कानावर पडतं, तिथे तेवढंही खूप होतं. त्याचे आजोबा ब्रिटिश कंपनीच्या बोटीवर होते. दोन बोटींच्या मधल्या काळात ते मुंबईला धोबीतलावजवळच्या गावच्या कुडीत राहायचे. गोव्यात अशा माणसाला ‘तारवटी’ म्हणतात. ह्या शब्दाला तिथे मान आहे आणि थोडं दुःखही. तियात्रांतून तारवट्याच्या घराच्या कथा लोकांनी वर्षानुवर्षं पाहिल्या आहेत. रत्नागिरीकडच्या खलाशांच्या घरांतही त्या वेगळ्या नाहीत.

तो रोज रात्री टॉवेलचं एक जनावर करून मुलांच्या पलंगावर ठेवायचा. कधी हत्ती, कधी माकड, कधी कासव. तिसऱ्या रात्री मुलं जागी असतानाच तो आला. नातीने विचारलं, ‘‘तुम्ही घरीपण असं करून देता?’’

तो म्हणाला, ‘‘घरी असलो की.’’ मग खिशातून फोन काढून त्याने मुलीचा फोटो दाखवला. ‘‘म्हजी धूव. तुझ्याच वयाची. आठ.’’

नातीने थोडा हिशेब केला. मग तिने जे विचारलं, ते आम्हा मोठ्या माणसांपैकी कुणी विचारलं नसतं. ‘‘तिच्या किती बर्थडेंना तुम्ही होतात?’’

‘‘तीन,’’ तो म्हणाला. हसतच म्हणाला. आठ महिन्यांचा करार, मग दोन महिने घरी, मग पुन्हा करार. करार चालू असताना आठवड्याची सुट्टी नाही. त्याच्याकडे सतरा खोल्या होत्या आणि प्रत्येक खोली दिवसातून दोनदा.

दुसऱ्या दिवशी सकाळी नातीने स्वतःचा पलंग स्वतः आवरला. भावाचाही आवरला. टॉवेल घडी करून ठेवले. तो आला, त्याने पाहिलं, आणि त्याचा चेहरा किंचित उतरला. मग त्याने हळूच मला सांगितलं, की असं नको. सुपरवायझर तपासायला येतो. चादर ठरल्याप्रमाणे खोचलेली नसली, तर त्याला वाटेल हा कामचुकार आहे. ‘‘हें म्हजें काम, अंकल.’’ नात गेल्यावर त्याने चादर काढली आणि पुन्हा घातली.

मी हे नातीला सांगितलं नाही. सांगायला हवं होतं का, तोच माझा प्रश्न आहे.

*

त्या रात्री डेकवर मुलीशी आणि जावयाशी यावर बोलणं झालं. वाद नव्हता, पण सूर थोडा चढला होता.

जावयाचं म्हणणं सरळ होतं. ‘‘बाबा, ती आठ वर्षांची आहे. तिला आठ दिवस नुसता आनंद घेऊ द्या की. जगाचा सगळा हिशेब आत्ताच तिच्या डोक्यावर कशाला?’’ मुलीचं म्हणणं वेगळं होतं : हे तिने स्वतः विचारलं, कुणी शिकवलं नव्हतं. आता आपण विषय बदलला, तर ती एवढंच शिकेल की असं विचारायचं नसतं.

मला दोघांचंही पटत होतं. मुलांच्या आनंदाला जपलंच पाहिजे. लहानपणी मनसोक्त सुख मिळालेली माणसं पुढे दुसऱ्याच्या सुखावर जळत नाहीत, असं माझं निरीक्षण आहे. अपराधी वाटायला लावून कुणी दयाळू होत नाही. तो फक्त स्वतःच्या दयाळूपणाकडे बघायला शिकतो. पण मुलाला अज्ञानात ठेवून दिलेला आनंद कधीतरी फुटतोच, आणि तेव्हा ते मूल आईवडिलांनाच विचारतं, की तुम्हाला माहीत होतं ना?

मग करायचं काय? मी तीन उत्तरं घोळवून पाहिली.

पहिलं, जाऊच नये. दुसऱ्याच्या घरातला बाप उचलून आणून आपल्या मुलांचे पलंग आवरून घ्यायचे असतील, तर घरी बसावं. हे उत्तर मी दुसऱ्याच दिवशी त्याच्यासमोर चाचपून पाहिलं, अर्थात आडवळणाने. तो म्हणाला, ‘‘कोणी आलं नाही तर काय होतं, ते मी पाहिलंय.’’ मार्च २०२० मध्ये अमेरिकन सरकारने क्रूझ जहाजं थांबवली. तो कित्येक आठवडे प्रवासी नसलेल्या जहाजावर अडकला. मग गावी आला आणि पंधरा महिने घरी राहिला, पगाराशिवाय. बायकोचे दागिने गहाण पडले. ‘‘पण मुलीला माझी सवय लागली,’’ तो म्हणाला. ‘‘शाळेचा अभ्यास मीच घ्यायचो. परत निघालो, तेव्हा तिने माझ्याशी बोलणंच सोडलं. आधीच्या वेळी ती रडायची. या वेळी रडली नाही.’’

मला १९८२ आठवलं. संप सुरू झाला, गिरण्या थांबल्या, वडील गावी आले. मी तोवर बँकेत लागून बडोद्याला गेलो होतो. सुट्टीत घरी गेलो, तर वडील पडवीत एका बाजूला आणि आई मागच्या दारी. तीस वर्षांच्या संसारात सलग तीन महिने ती दोघं एका घरात प्रथमच राहत होती. भांडण नव्हतं. दोघांना एकमेकांची सवय नव्हती, इतकंच. तेव्हा ‘जाऊ नये’ या उत्तराचा खर्च कोण भरतं, ते मला ठाऊक आहे. तो मोजमापात दूरच्याच घरावर पडतो.

दुसरं उत्तर, पैसे अधिक द्यावेत. जहाजावर माणशी रोज १५-२० डॉलर बक्षिसी म्हणून खात्यावर आपोआप लागतात, पाच वर्षांच्या मुलाच्या नावेसुद्धा. आम्ही वरून पाकिटात घालून वेगळे दिले. द्यावेतच. पण त्याने पाकीट घेतलं तेव्हा माझ्या मनात जी भावना आली, ती मला आवडली नाही. हिशेब मिटल्याची ती भावना होती. दुकानातून बाहेर पडताना येते तशी.

तिसरं, वाईट वाटून घ्यावं. हे सर्वांत स्वस्त उत्तर आहे. त्यात त्याला काहीच मिळत नाही, आणि मला मी बरा माणूस असल्याचा दाखला मिळतो.

*

ॲरिस्टॉटल म्हणतो, की माणूस कामात गढतो ते शेवटी मोकळा वेळ मिळावा म्हणून. हा मोकळा वेळ त्याला झोपाळ्यावर पडण्यासाठी नको होता. विचार, संगीत, मैत्री, नगराचा कारभार हे सगळं त्याच्या मते मोकळ्या वेळातच फुलतं. ग्रीक भाषेत या मोकळ्या वेळाला ‘स्खोले’ म्हणत. इंग्रजीतला ‘स्कूल’ त्याच शब्दातून आला. शाळा म्हणजे मुळात फुरसत. पोटासाठी राबण्यापासून मिळालेली रजा.

पण ही फुरसत गुलामांच्या श्रमांवर उभी होती, आणि ते ॲरिस्टॉटलला माहीत होतं. ‘पॉलिटिक्स’च्या पहिल्या भागात तो म्हणतो, की धोटे आपले आपण विणू लागले, तर मालकांना गुलामांची गरज उरणार नाही. हे मी प्रथम वाचलं तेव्हा हातातलं पुस्तक खाली ठेवलं होतं. सव्वादोन हजार वर्षांनी धोटे खरोखरच विजेवर पळू लागले. त्यांच्यासमोर दहा-दहा तास उभं राहून माझ्या वडिलांना अर्धवट बहिरेपण आलं. यंत्राने काम केलं. फुरसत मात्र वडिलांकडे आली नाही. ती आली माझ्याकडे. दर महिन्याच्या मनीऑर्डरीतून माझ्या शाळेची फी जायची. त्यांनी स्वतःची रजा मला पाठवली, असं मी आता म्हणतो.

हाच प्रकार त्या जहाजावर चालू होता. सासष्टीत एक आठ वर्षांची मुलगी बापाच्या पगारावर चांगल्या शाळेत बसली होती. तिची ‘स्खोले’ तिच्या बापाच्या गैरहजेरीतून येत होती. माझी नात त्याच आठवड्यात शाळेला रजा टाकून त्याने घातलेल्या चादरीवर झोपत होती. दोघींचीही फुरसत एकाच माणसाच्या खांद्यावर होती, आणि दोघींनाही ती त्यांच्या बापांच्या प्रेमातूनच मिळाली होती. म्हणून इथे कुणाला खलनायक करून मोकळं होता येत नाही.

तेव्हा मी प्रश्न उलटा करून पाहिला. पलंगावरच्या मुलाने काय वाटून घ्यावं, हे विचारण्याऐवजी किनाऱ्यावर होडी ओळखत उभ्या असलेल्या मुलाला काय हवं असतं, हे विचारलं. त्या जागी मी स्वतः उभा होतो, त्यामुळे उत्तरासाठी कुठे जावं लागलं नाही.

वडिलांनी विणलेल्या कापडाचा सदरा घालणाऱ्या मुलाने दुःखी व्हावं, असं मला कधीच वाटलं नाही. त्याने तो सदरा घालूच नये, असंही नाही. खपला नाही तर मनीऑर्डर येणार नव्हती. मला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, मुंबईत माझ्या वडिलांना जो कुणी ‘ए’ म्हणून हाक मारत असेल, त्याला कळावं की हा कुणाचा तरी बाप आहे आणि त्याची वाट बघितली जाते. आणि दुसरी, त्यांना रजा मिळावी. खोट्या तारेशिवाय. कुणाच्या मर्जीशिवाय. आई आजारी नसतानासुद्धा.

पहिली गोष्ट नातीने कुणी न शिकवता केली. ‘किती बर्थडेंना होतात’ हा प्रश्न म्हणजे दुसरं काय होतं? पलंग आवरण्याची तिची चूक झाली, कारण त्याच्या कामाचा तो अपमान होत होता, हे तिला कळलं नाही. शेवटच्या दिवशी मी तिला ते सांगितलं. ती थोडी हिरमुसली, मग म्हणाली, ‘‘मग मी काय करायला हवं होतं?’’ मी म्हटलं, तू विचारलंस, ते बरोबर केलंस. बाकीचं मोठ्यांचं काम आहे.

बाकीचं म्हणजे दुसरी गोष्ट, आणि ती आपण चटकन विसरतो. चांगुलपणाने रजा मिळत नाही. ती कायद्याने आणि कराराने मिळते. २००६ साली झालेल्या आणि २०१३ पासून लागू असलेल्या सागरी कामगारांच्या आंतरराष्ट्रीय करारात लिहिलं आहे, की कामाचे तास कुठल्याही २४ तासांत १४पेक्षा आणि आठवड्यात ७२पेक्षा जास्त नसावेत, आणि महिन्यामागे किमान अडीच दिवस भरपगारी रजा असावी. भारतानेही तो स्वीकारला आहे. आठ महिन्यांचे होतात वीस दिवस. वडिलांच्या बारा दिवसांच्या मानाने प्रगतीच म्हणायची. पण आठवड्याचे ७२ तास ही कमाल मर्यादा म्हणून एखाद्या कायद्यात लिहावी लागते, यावरून पूर्वी काय असेल आणि आजही कुठवर ताणलं जात असेल, ते समजतं. तिकीट आणखी थोडं महाग झालं आणि आठ महिन्यांचा करार सहावर आला, तर आम्ही जाणार नाही का? मुलगी म्हणाली, जाऊ. कदाचित दोन वर्षांतून एकदा. मग ती मागणी आपण प्रवाशांनी करायला काय हरकत आहे? सफर संपल्यावर कंपनीने जो लांबलचक अभिप्राय मागितला, त्यात जेवण, स्वच्छता, करमणूक या सगळ्यांसाठी चौकोन होते. ह्यासाठी नव्हता. मुलीने खालच्या मोकळ्या जागेत लिहिलं. त्याचं काय झालं असेल, याची मला कल्पना आहे. तरी लिहिलं, हे बरं केलं.

आपल्याकडे तीन ऋणं सगळ्यांना माहीत असतात : देवांचं, ऋषींचं, पितरांचं. शतपथ ब्राह्मणात चौथंही सांगितलं आहे, माणसांचं. ते फेडायचं कसं? तर माणसांना राहायला जागा देऊन आणि जेवू घालून. जहाजावर आम्हाला राहायला जागा आणि जेवण दोन्ही मिळालं, आणि त्याची पै न् पै चुकती केली. किंमत फिटते. ऋण फिटत नाही. ते लक्षात ठेवावं लागतं, आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दारात फेडावं लागतं. मला वाटतं, मुलांना सुखाच्या जागी न्यावं. जाताना त्यांच्या हातून आनंद काढून घेऊ नये. आणि त्यांनी विचारलं, तर किंमत आणि ऋण यांतला फरक सांगावा. विचारलं नाही, तर त्यांच्यादेखत आपण विचारावं.

*

जहाज सोडायच्या सकाळी तो दारात भेटला. त्याच दुपारी नवे प्रवासी चढणार होते. त्याला सतरा खोल्या रिकाम्या करून पुन्हा लावायच्या होत्या. बोलायला वेळ नव्हता. नातीने त्याला विचारलं, ‘‘तुम्ही घरी कधी जाणार?’’ तो म्हणाला, ‘‘मे. एकतीस तारखेला करार संपतो.’’

आम्ही मार्चमध्ये बडोद्याला परतलो. जूनच्या पहिल्या रविवारी नेहमीसारखा व्हिडिओ कॉल झाला. नातवाने नवी सायकल दाखवली, मुलीने बाग दाखवली. फोन ठेवायच्या वेळी नात पुढे आली.

‘‘आजोबा, ते आता घरी पोचले असतील ना?’’

कोण, ते मला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. मी म्हटलं, पोचले असतील. तसं खात्रीने सांगण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं. करार लांबतात, विमानं चुकतात, बदली माणूस वेळेवर चढत नाही. पण न्यू जर्सीतली एक मुलगी चार महिने दिवस मोजत होती. किनाऱ्यावर होडी ओळखत उभं असताना, दूर कुठेतरी आणखी कुणी मोजत असेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.